अर्ध्याच्या जरा वर

उजवीकडचा इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटाही हलायला लागायचा. बाहेर दिवा पेटला की हा जरा खाली, विझला की पुन्हा वर. ब्रेकवर पाय पडला की बसायचा, पाय उचलला की उठायचा. दिवसाउजेडी हे फारसं जाणवत नसे. तिन्हीसांजेला दिवे लावल्यावर, बहादूरशेख नाक्यावर वळणासाठी थांबलं की मात्र नजर तिथून हटायची नाही. गाडी उभी, टाकीतलं पेट्रोल जागच्या जागी, आणि काटा इंडिकेटरच्या तालात मान हलवतोय.

गाडी म्हणजे बाबांची प्रीमिअर पद्मिनी. ऐंशीच्या दशकात घेतलेली, आजही चिपळूणच्या घराच्या पडवीला लागून उभी असते. बाबा हल्ली चालवत नाहीत, त्यामुळे मी पुण्याहून आले की तिला बाहेर काढायचं हे ठरून गेलंय. फियाट ११०० या इटालियन गाडीचं हे कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेलं रूप. पद्मिनी हे नाव तिला सत्तरच्या दशकात मिळालं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा बाबांनी पेपरातली ती बातमी मला फोनवर अख्खी वाचून दाखवली होती. आवाजात हळहळ नव्हती. आपली अजून आहे, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

तिची पुढची सीट सलग आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. म्हणून पुढे तिघं बसत आणि मधली जागा माझी असे. त्या उंचीवरून रस्ता दिसत नसे, डॅशबोर्ड दिसे. अक्षरओळख होण्याआधी मला पेट्रोलचा काटा वाचता येत होता, असं आई सांगते. खरंखोटं तिला माहीत. पण घाटात गाडी वळली की काटा सरकतो आणि सरळ झाली की परत येतो, हे मी त्या जागेवरून फार लवकर पाहिलं होतं, आणि गाडीच्या पोटात काहीतरी जिवंत आहे असं मला वाटायचं.

जुन्या गाड्यांची वायरिंग करणारे आता मोजकेच. बाबांच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. ‘मिस्त्री, पेट्रोलचा काटा स्थिर राहत नाही,’ असं मी सांगितलं. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, पानाही उचलला नाही. खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, ‘ताई, कधी हलतो ते सांगा.’

मग एकामागून एक प्रश्न. उभ्या गाडीत हलतो का? दिवे लावल्यावर? हॉर्न दिल्यावर? टाकी भरलेली असतानाही, की ठरावीक ठिकाणी आल्यावरच? इंजिनच्या तापमानाचा काटा त्याच्याबरोबर हलतो का? (पुष्कळ गाड्यांत दोन्ही काट्यांना ठरावीक दाबाची वीज देणारी एकच डबी असते, दोघं मिळून नाचले तर संशय तिच्यावर.) माझ्याकडे निम्म्या प्रश्नांची उत्तरं नव्हती. ‘चार दिवस चालवा आणि बघा,’ ते म्हणाले. ‘मग या.’

हे मला फार आवडलं. काय बिघडलंय हे सांगणं सोपं असतं. त्यासाठी एकदा पाहिलं तरी पुरतं. कधी बिघडतं हे सांगायचं तर वस्तूबरोबर राहावं लागतं. पावसात, चढावर, रात्री, ओझ्यासकट, ओझ्याशिवाय. मिस्त्रींनी माझ्याकडून तक्रार घेतली नाही, सोबत मागितली. त्या दिवसांत मी गाडी कारण नसताना फिरवली. भाजी आणायला, गुहागरच्या रस्त्याला थोडं पुढे जाऊन यायला, पोफळीपर्यंत चढून परत फिरायला. आणि काट्याचं हलणं हे एक हलणं नाही, हे हळूहळू दिसू लागलं. इंडिकेटर आणि ब्रेकबरोबर होणारं डोलणं वेगळं. ते उभ्या गाडीतही होतं. वळणावर सावकाश सरकून सावकाश परत येणं वेगळं. आणि काटा अर्ध्याच्या जरा वर असला की एक तिसरीच थरथर व्हायची, बारीक, तुटक. दिवे बंद असले तरी, रस्ता सरळ असला तरी. टाकी तिथून खाली गेली की ती आपोआप थांबायची.

मिस्त्रींना हे सगळं सांगितलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, मधलं सोडून द्या, ते पेट्रोल हिंदकळतं. बाकीची दोन दुखणी आहेत आणि दोन्ही वेगळी.

काट्याला पेट्रोल दिसत नाही, ही गोष्ट मोठेपणी कधी कोणी समजावून सांगितलेली नव्हती. टाकीत एक फ्लोट तरंगतो. त्याला दांडी, दांडीच्या दुसऱ्या टोकाला धातूची छोटी जीभ. ही जीभ बारीक तारेच्या गुंडाळीवर घासत पुढेमागे होते. पेट्रोल जितकं वर, तितकी गुंडाळीतली तार कमी किंवा जास्त, गाडीच्या रचनेप्रमाणे, आणि तितका विजेला होणारा अडथळा कमी किंवा जास्त. पुढे डॅशबोर्डमध्ये, जुन्या पद्धतीच्या मीटरात दोन वेटोळी असतात. एक काट्याला रिकाम्याकडे ओढतं, दुसरं भरल्याकडे. त्या ओढाताणीत जिथे तोल जमतो तिथे काटा थांबतो. बॅटरी थोडी चढली-उतरली तरी दोन्ही बाजू सारख्याच वाढतात-घटतात, म्हणून आकडा चुकत नाही. फार देखणी युक्ती आहे ही. पण त्यामुळे काटा चपळ होतो. टाकीत झालेली लाट लगेच काचेआड उमटते.

ती लाट कमी व्हावी म्हणून टाक्यांच्या आत आडवे पत्रे बसवतात. आजोळी उन्हाळ्यात लांबून पाणी आणताना मामी हंड्यात आंब्याचा डहाळा टाकत असे, पाणी डचमळू नये म्हणून. त्या पत्र्यांचं कामही तेच. शिवाय पुढे मीटरच बदलले. एका पद्धतीत दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकते आणि काटा हलवते. पट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून किल्ली फिरवल्यावर काटा हळूहळू वर चढतो आणि खड्ड्यांकडे लक्ष देत नाही. नंतरच्या मीटरांत काट्याच्या आसाशी घट्ट सिलिकॉन तेल घातलं गेलं. आता माझ्या पुण्यातल्या गाडीत किती किलोमीटर जाता येईल याचा आकडाच येतो. कितीतरी क्षणांची सरासरी काढून तो दाखवला जातो, त्यामुळे तो खंबाटकी घाटाच्या वळणांतही हलत नाही. त्या आकड्यावर माझा विश्वास आहे. त्याच्याकडे पाहत बसावं असं मात्र कधी वाटलेलं नाही.

मिस्त्रींनी एक लांब वायर काढली, दोन्ही टोकांना चिमटे. एक चिमटा टाकीवरच्या फ्लोटच्या झाकणाला लावला, दुसरा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. ‘आता लावा इंडिकेटर.’ लावला. काटा हलला नाही. ब्रेक दाबला. नाही हलला. मी खिडकीतून मान बाहेर काढून सांगितलं, तर ते आधीच हसत होते.

‘अर्थिंग,’ म्हणाले.

गाडीतली वीज जाते वायरीतून आणि परत येते गाडीच्या अंगातून. बॅटरीचं एक टोक बॉडीला जोडलेलं असतं, त्यामुळे पत्रा, चासी, बोल्ट हे सगळं मिळून तिचा परतीचा रस्ता. जाण्याच्या वायरींना रंग असतात, नंबर असतात, फ्यूज असतात. वायरिंगच्या नकाशात त्या लांबलचक काढलेल्या असतात. परतीसाठी नकाशात तीन आडव्या रेघांची छोटीशी खूण असते, बस. ती खूण म्हणते, इथून पुढे लोखंड आहे, ते नेईल. नेतंही, वर्षानुवर्षं. मग एखाद्या बोल्टाखाली गंज धरतो. आमच्या गाडीत मागच्या दिव्यांची आणि टाकीची काळी वायर एकाच बोल्टाखाली आवळलेली होती. दिव्याला लागणारी वीज मीटरच्या विजेच्या कितीतरी पट. बोल्ट स्वच्छ असता तर दोघी निवांत परत गेल्या असत्या. गंजामुळे वाट अरुंद झाली, दिवा पेटला की तिथे गर्दी व्हायची आणि टाकीकडून येणाऱ्या बारीक प्रवाहाला अडून राहावं लागायचं. काटा जे सांगत होता ते पेट्रोलबद्दल नव्हतंच. तो परतीच्या वाटेबद्दल सांगत होता.

मिस्त्रींनी बोल्ट काढला तेव्हा वायसरखालून तांबूस गंजाबरोबर राखाडी, पिठासारखा बारीक गाळ निघाला. बोटावर घेऊन त्यांनी मला दाखवला. ‘एकवीसचा,’ म्हणाले. मला विचारावं लागलं नाही. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं, त्या दिवसाला इथे वर्षाच्या आकड्यानेच ओळखतात. त्याआधीचा पाचचा, म्हणजे २००५चा. आमचं घर जरा चढावर, म्हणून गाडी पूर्ण बुडाली नाही, पण डिकीत पाणी आलं होतं. नंतर ती उन्हात उघडी ठेवून वाळवली, सीट बाहेर काढल्या, पाइप लावून सगळं धुतलं. पूर गेला असं आम्ही धरून चाललो होतो. बाजारपेठेत भिंतींवर पाण्याच्या रेघा आहेत त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात. या बोल्टाखालचा पूर कोणाला दिसणार? खारी दमट हवा होतीच मदतीला. मिस्त्रींनी पॉलिश पेपरने पत्रा घासून चकचकीत केला, दोन्ही वायरींना नवी थिंबल लावली, टाकीच्या वायरीला वेगळी जागा दिली, आवळून वर ग्रीस फासलं. काम लहान. पण हात धुताना ते म्हणाले की पुरानंतर आलेल्या गाड्यांमध्ये अजून अशी ठिकाणं सापडतात, आणि आपण एकेक करून उघडतोय.

टाकी उघडण्याचं काम दुसऱ्या दिवसावर गेलं, कारण त्यासाठी गाडी गार हवी, बॅटरी सोडलेली हवी आणि आजूबाजूला कोणाच्या हातात विडी नको. घरी आले तर बाबा पडवीत वाट बघत होते. त्यांना सगळं सांगितलं. आणि मग बोलणं पेट्रोल मोजण्याच्या जुन्या तऱ्हांवर गेलं, ते जेवण होईपर्यंत चाललं.

बाबांची पहिली गाडी म्हणजे चेतक. तिला काटा नव्हता. चालत्या गाडीत आचका बसला की पायाजवळचा कॉक रिझर्व्हला फिरवायचा. तोही संपला तर स्कूटर इंजिनाच्या बाजूला आडवी करायची, उरलंसुरलं खाली उतरायचं आणि पंपापर्यंतची सोय व्हायची. रस्त्याच्या कडेला स्कूटर आडवी करून उभी असलेली कुटुंबं मीही पाहिली आहेत. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असे आणि मोजायचं तर सीट उचलून काठी बुडवायची. पंप नसे, पेट्रोल नुसतं उतारानं इंजिनात जाई. म्हणून टाकी कमी असली की मोठा चढ चढायला लोक गाडी रिव्हर्समध्ये घालत. फोक्सवॅगनच्या बीटललाही १९६२चं मॉडेल येईपर्यंत काटा नव्हता, पायाशी एक खिट्टी असायची, शेवटचं थोडं पेट्रोल मोकळं करणारी. हे मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘म्हणजे संपल्यावर कळायचं.’ जरा थांबून म्हणाले, ‘पण नक्की कळायचं.’ पेट्रोलपंपावर आजही सकाळी जमिनीखालच्या टाकीत दांडा सोडून डिप घेतात. ओली खूण कुठवर आली ते डोळ्यांनी बघायचं. त्यात परतीची वाट नाही, वेटोळी नाहीत, कोणाच्या साक्षीवर अवलंबून राहायला नको.

गाडीच्या कप्प्यात बाबांची एक वही असे. तारीख, लिटर, मीटरचं रीडिंग. हिशेब काट्यावर सोडलेला नव्हता. तरी काटा अर्ध्यावर आला की ते पंपावर गाडी घालत, आणि टाकी फुल्ल करायला सांगत नसत. दहा लिटर म्हणत. तेवढंच. आई चिडायची, परत परत थांबता कशाला. ‘अर्धी टाकी परतीची,’ हे त्यांचं उत्तर. चिपळूणहून अलोरे, पोफळी, कुंभार्लीचा घाट, मग हेळवाक, पाटण, कऱ्हाड. त्या काळी वाटेत पंप थोडे, पावसाळ्यात दरड आली की तासन्‌तास अडकायचं, आणि कऱ्हाडला आजोळ. आजोबा आजारी असताना कितीदा तरी रात्री निघावं लागलं. जाण्याची सोय कोणीही करतो, येण्याची आधी करावी, असा त्यांचा साधा हिशेब.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी फ्लोटचं झाकण उघडलं. पेट्रोलचा दर्प, मग दांडीसकट सगळं बाहेर. फ्लोट त्यांनी कानाशी हलवून पाहिला. आत पेट्रोल शिरलं असतं तर वाजलं असतं, नाही वाजला. मग डबीचं झाकण काढून तारेची गुंडाळी उजेडात धरली आणि काहीही न बोलता माझ्याकडे दिली.

गुंडाळी बहुतेक ठिकाणी काळपट होती, तारेचे वेढे एकाला एक चिकटून नीट. एका टोकाकडे, रिकाम्या बाजूला, तर जीभ जवळपास फिरकलीच नव्हती. तिथली तार कारखान्यातून आली तशी. आणि मधोमध, अर्ध्याच्या जरा वर, एक चकाकणारी खोलगट रेघ. तिथे तार इतकी झिजली होती की जीभ क्षणभर टेकायची, क्षणभर सुटायची. तिसरी थरथर ती. गाडी चालू असताना जीभ एका जागी कधीच गप्प नसते. इंजिनाच्या कंपाने, रस्त्याच्या हादऱ्याने ती जिथे असेल तिथेच बारीक घासत राहते. टाकी जितका काळ ज्या पातळीला, तितकी त्या जागेची झीज. ही गाडी तिच्या आयुष्यातला बहुतेक काळ अर्धं आणि पाऊण यांच्या मध्ये राहिलेली होती.

वहीची पानं पुरात गेली होती. दहा-दहा लिटरचा तो सगळा हिशेब इथे शिल्लक होता, पेट्रोलच्या अंधारात, ज्याने केला त्यालाही न कळता. मी गुंडाळी बराच वेळ हातात धरून उभी होते. मिस्त्री घाई करत नव्हते.

‘नवीन मिळेल का बघू?’ ते म्हणाले. ‘की जीभ थोडी वाकवू? बाजूची तार कोरी आहे. त्या रेघेवर चालेल.’

नवीन भाग मिळणं अवघड, हे दोघांनाही माहीत होतं. मी वाकवा म्हटलं. नोकदार पकडीत जीभ धरून त्यांनी ती केसभर बाजूला घेतली, दांडी वरखाली करून टेस्टर लावून पाहिली, पुन्हा जराशी वाकवली. नव्या रेघेवर जीभ सगळ्या पातळ्यांवर टेकत होती. झाकणाखाली नवं पॅकिंग घातलं. आता पेट्रोलमध्ये एथेनॉल जास्त असतं, जुनं रबर टिकत नाही आणि एथेनॉल ओलावाही ओढतं, म्हणून पावसाळा झाला की एकदा गाडी आणा, असं त्यांनी बजावलं. पैसे विचारले तर त्यांनी इतके कमी सांगितले की मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

बाबांना ती रेघ दाखवायची राहिली, पण मी फोनवर फोटो काढला होता. त्यांनी चष्मा वर करून, फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. बोटाने फोटो मोठा केला. ‘ही झीज आहे?’ म्हणाले. मी हो म्हटलं, आणि कुठली ते सांगितलं. त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि काही वेळाने विचारलं, ‘गाडीत आत्ता किती आहे?’

अर्ध्याच्या थोडं वर होतं. चला, बघू, म्हणाले. आई नको नको म्हणत असताना बूट घातले, पुढच्या सलग सीटवर माझ्या डाव्या हाताला बसले. पोफळीपर्यंत जाऊन परतायचं ठरलं. अलोऱ्याच्या पुढे रस्ता चढू लागला तसे ते रस्त्याकडे न बघता डॅशबोर्डकडे बघत होते. वळणावर काटा सरकला. ‘हे पेट्रोल,’ ते म्हणाले. सरळ रस्त्यावर परत आला. मी मुद्दाम इंडिकेटर लावला. काही नाही. ते मान डोलावत राहिले.

पोफळी आलं. मी गाडी वळवायला जागा शोधत होते. बाबांनी काच खाली केली, घाटाकडे बघितलं. दरीतून धुकं वर येत होतं, समोरून एसटी उतरत होती.

‘काटा अर्ध्याखाली गेलाय, बाबा,’ मी म्हटलं.

‘दिसतंय मला,’ ते म्हणाले. ‘चल, हेळवाकपर्यंत जाऊ.’